वक्रीभवनाची दुरुस्ती

एका जंगलात, बाळांनो, तळ्याकाठी एक शाळा होती. तिथे खंड्या गुरुजी नववीला विज्ञान शिकवायचे. मासा दिसतो त्याहून खोल असतो, हे त्यांच्या चोचीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

पण यंदा वरून परिपत्रक आलं. 'मुलांनी गटात बसून स्वतः शोधावं.' गुरुजींना ते पटलंही. त्यांनी गट पाडले, प्रत्येकाला एकेक सरळ काठी दिली आणि काठावर बसवलं.

ससा एकटा लिहीत होता. बाकीचा गट जांभळं खात होता. जंगल झालं म्हणून गटकार्य काही वेगळं नसतं.

"गुरुजी, काठी मोडली," पिंगी माकडीण म्हणाली.

"पाण्याबाहेर काढून बघ."

"आता सरळ आहे."

"मग मोडलं काय?"

पिंगी विचारात पडली. जांभूळ तोंडात तसंच राहिलं. गुरुजींना फार आनंद झाला. वीस वर्षांत असा चेहरा त्यांनी वर्गात पाहिला नव्हता.

तेवढ्यात तपासणीला अस्वलसाहेब आले. शाळेची मान्यता त्यांच्याच पंजात होती.

"काय चाललंय?"

"वक्रीभवन, साहेब."

साहेबांनी पाण्यात पाहिलं. काठी वाकडी दिसत होती. "वक्र? माझ्या हद्दीत? दुपारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर मान्यता रद्द."

गुरुजींनी समजावायला चोच उघडली. मग वर्गाकडे पाहिलं आणि मिटली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पिंगी मात्र कामाला लागली. तिने एकामागून एक फांद्या पाण्यात धरून पाहिल्या. शेवटी एक मुळातच वाकडी फांदी मिळाली. बाहेर वाकडी, पाण्यात अर्धी बुडवली की सरळ दिसायची.

"झालं दुरुस्त, साहेब."

साहेबांनी शेरा लिहिला, 'वक्रीभवन समूळ नष्ट. मान्यता कायम.' जाता जाता त्यांना पाण्यात मासा दिसला. त्यांनी दिसला तिथे पंजा मारला, तो हुकला आणि साहेब तळ्यात पडले.

"मासा जागेवर नव्हता," ओलेचिंब साहेब म्हणाले.

"त्याचीच चूक, साहेब," गुरुजी कमरेत वाकून म्हणाले.

पिंगीने सशाकडून वही घेतली आणि निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'काठी पाण्यात वाकते. गुरुजी कोरड्यावरही वाकतात.' गुरुजींनी ते वाचलं आणि दहापैकी दहा गुण दिले.

तात्पर्य: बाळांनो, सरळ असलात तर साहेबांना वाकडे दिसाल. म्हणून तपासणीच्या दिवशी माणसाने थोडं वाकडंच असावं.