खिळ्याला लागलेलं क्रीम

या, बसा. तो स्टूल घ्या. त्याचा एक पाय आखूड आहे, तेवढा भिंतीकडे करा म्हणजे डुगडुगणार नाही. चहा यायचा तेव्हा येईल, तोवर तुम्हाला आमच्या गॅरेजवाल्या मेस्त्रीची गंमत सांगतो. फुकट नाही सांगत हं. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. घाबरू नका, पैशाचं नाही.

तर हा मेस्त्री. अंगानं आडवा, आवाजानं फाटका, आणि एकदा गाडीच्या बोनेटखाली डोकं गेलं की बाहेर जग आहे हेच विसरणारा. त्याला एकुलती एक मुलगी. दिसायला बारकी, पण पाय रोवून उभी राहिली की दोघांना हलायची नाही. म्हणून तो तिला खिळा म्हणायचा. मग घरात, गल्लीत, शाळेत, सगळीकडे ती खिळाच झाली.

शाळेचा एक नियम होता, उन्हाच्या क्रीमचा. मैदानात उतरायचं तर पोराच्या अंगाला क्रीम पाहिजे, आणि ते घरूनच लावून पाठवायचं. जबाबदारी पालकांची. शिक्षक कुणाच्या पोराला क्रीमचं बोटसुद्धा लावणार नाहीत. क्रीम नाही तर मैदान नाही. पत्र्याच्या शेडखाली सावलीत बसायचं आणि दुसऱ्यांचा खेळ बघायचा.

गेल्या वर्षी रस्सीखेचीच्या दिवशी नेमकं तेच झालं. मेस्त्रीची बायको दवाखान्यात नर्स, तिची सकाळची ड्यूटी. तिला वाटलं नवरा लावेल. नवऱ्याला वाटलं आजोबा लावतील. आजोबांना वाटलं, पोरीचे आईबाप खंबीर आहेत, आपण कशाला मध्ये पडा. पोर कोरडीच गेली आणि खेळ संपेपर्यंत पत्र्याखाली बसली. मेस्त्री तिला घरी घेऊन निघाला. रडली असती तर मेस्त्रीला बरं वाटलं असतं. ही नुसती आपले तळहात बघत चालत होती.

"पुढच्या वर्षी तू ओढणार," मेस्त्री म्हणाला. "माझ्यावर सोड."

खिळ्यानं बापाकडे बघितलं. 'संध्याकाळी गाडी मिळेल' म्हटल्यावर गिऱ्हाईक बघतं ना, तसं.

ते बघणं त्याला वर्षभर टोचत राहिलं. म्हणून या वर्षी त्या दिवशी तो गजराच्या आधी उठला. आता बिचाऱ्याला काय माहीत की त्याच्याही आधी कोण कोण उठून बसलंय.

बायको अंधारातच ड्यूटीला निघाली होती. निघताना झोपलेल्या पोरीच्या हातापायांना, मानेला, कानामागे, सगळीकडे क्रीम चोपडून गेली. सांगितलं कुणालाच नाही. सांगायचं काय, नवऱ्यावर भरवसा नाही म्हणून?

मग उठले आजोबा. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडायला चष्मा लागतो. त्यांनी पोरीला उठवलं, मोरीजवळ नेलं आणि तेलानं मालीश करावं तसं क्रीम जिरवलं.

"बापाला बोलू नकोस हं," ते कुजबुजले. "त्याला वाटेल, म्हाताऱ्याचा विश्वास नाही."

"नाही बोलणार," खिळा म्हणाली. आणि ती नाही म्हणाली की नाहीच.

मग आला मेस्त्री. पोरीला समोर उभी करून म्हणाला, "लावलं का गं कुणी?"

पोरगी गप्प. वचन म्हणजे वचन. मेस्त्री मनात म्हणाला, बघा, कुणाला आठवण नाही, बरं झालं मी आहे. बेअरिंगला ग्रीस भरतात तसं त्यानं ते क्रीम भरलं. वर कोपरात थोडं जास्त. उरलेली ट्यूब पोरीनं गुपचूप दप्तरात टाकली.

दुपार व्हायच्या आत गॅरेजात फोन वाजला. शाळेतून खेळाचे सर बोलत होते.

"तुम्ही जरा येऊन जा. तुमच्या मुलीमुळे रस्सीखेच बंद पडली आहे. तिला शेडमध्ये बसवलंय."

मेस्त्रीचं डोकं बोनेटला आपटलं. "अहो सर, क्रीम लावलंय की. मी स्वतः लावलंय."

"म्हणूनच बसवलंय," सर म्हणाले.

मेस्त्री होता तसा धावला. खिशात फडकं, हात कोपरापर्यंत काळे. शाळा दोन गल्ल्या सोडून, तरी पोचेपर्यंत त्याचा भाता झाला. मैदानावर बघतो तर दोन्ही वर्गांची पोरं मातीत लोळून उठलेली, मध्ये दोर पडलेला, ऊन लागून नुसता चमकतोय. दोराच्या उशाशी मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, पांढऱ्या साडीत, हाताची घडी घालून. कुंपणाला टेकून आजोबा, नातीचा खेळ बघायला आलेले. आणि तिकडे पत्र्याखाली खिळा. तळहात बघत बसलेली.

सरांनी काय झालं ते सांगितलं. खिळा आपल्या वर्गाच्या रांगेत सगळ्यात पुढे. पहिली शिट्टी झाली, तिनं दोर धरला आणि दोर तिच्या हातातून माशासारखा निसटला. ती मागच्यावर, मागचा त्याच्या मागच्यावर, अख्खी रांग आडवी. एक डाव गेला. मग नियमाप्रमाणे बाजू बदलल्या. आता तो माखलेला अर्धा दोर समोरच्या वर्गाच्या वाट्याला आला. शिट्टी झाली आणि ते आडवे. एक-एक. तिसऱ्या डावाला तर दोन्ही बाजू एकदम उताण्या, आणि दोर मध्येच जागच्या जागी, आपला काही संबंध नाही अशा थाटात.

"किती लावलंत तुम्ही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकदाच, बाई. लावतात तेवढंच."

"एवढं एकदा?"

मेस्त्रीनं बायकोला फोन लावला. "अगं, तू लावलं होतंस का पोरीला?"

"लावलं म्हणजे काय? तुमच्या भरवशावर सोडू? गेल्या वर्षी..."

"ठेव, ठेव." त्यानं फोन बंद केला. तेवढ्यात कुंपणाजवळ आजोबा खाकरले. त्यांना खोकला नव्हता.

"तुम्ही पण, अण्णा?"

"थोडंसं," आजोबा म्हणाले. "कोरडी वाटली मला."

मेस्त्री शेडकडे गेला आणि पोरीसमोर उकिडवा बसला. "खिळ्या, मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"आजोबांना कबूल केलं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि फाटकाशी मी पण लावलं. हातांना. सगळी ट्यूब."

"का गं?"

"जास्त लावलं की सावलीत नाही बसवणार, असं वाटलं."

मेस्त्रीनं खिशातलं फडकं बाहेर काढलं. तो उठला आणि बाईंकडे आला.

"बाई, हात पुसले की ओढेल ती."

"मग पुसा. लावणं पालकांचं, तर काढणंही पालकांचंच. आम्ही हात लावणार नाही."

"पण सगळं पुसू नका," सर घाईनं म्हणाले. "क्रीम गेलं तर नियमानं परत सावली."

"फक्त तळवे," बाई म्हणाल्या. "पण उपयोग काय? कोरडा दोर कुठे आहे? शाळेत एकच होता. रद्द करा सर."

रद्द हा शब्द शेडपर्यंत पोचला. पोरीनं मान वर केली नाही, एवढंच मेस्त्रीला दिसलं.

"दोर आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे. आलोच." आणि बाईंचं हो-नाही व्हायच्या आत फाटकाबाहेर.

परत आला तो टोचनचा दोर खांद्यावर टाकून. बंद पडलेली गाडी बांधून ओढून आणायचा दोर तो. मनगटाएवढा जाड, खरखरीत. किती गाड्या ओढल्या त्यानं, गॅरेजातल्या फरशीवर लोळून लोळून किती काळं ग्रीस पोटात घेतलं, याचा हिशेब नाही. चिकट असा की एकदा हातात आला की 'मला सोडून जाऊ नका' म्हणतो.

गॅरेजात तेल सांडलं की वर भुसा टाकतात. इथं भुसा नव्हता, पण मैदानावर रेघा मारायची फक्की होती. मेस्त्रीनं मूठभर फक्की पोरीच्या तळहातांवर चोळली, फडक्यानं पुसली, परत चोळली.

"धरशील?"

खिळ्यानं मान हलवली आणि मैदानात जाऊन पाय रोवले.

शिट्टी झाली. यावेळी कुणाचाच हात सुटेना. दोर इकडे हलेना, तिकडे हलेना. पोरं लाल झाली. समोरच्या वर्गाचे वर्गशिक्षक म्हणजे हेच खेळाचे सर. तोंडात शिट्टी धरून नुसते उभे होते. आपली रांग एक पाऊल सरकली तसा त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी शेपटाला हात घातला.

"अहो सर, हे काय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"पुऊ," सर म्हणाले, कारण शिट्टी तोंडातच होती.

आता खिळ्याच्या टाचा माती उकरत पुढे जायला लागल्या. तिनं दात खाल्ले, डोळे मिटले, पण दोर सोडला नाही. बाईंनी ते बघितलं. बाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग पदर खोचला. पोरांना हात लावायचा नाही असा नियम होता, दोराला नव्हता. त्या खिळ्याच्या रांगेच्या शेपटाला लागल्या आणि असा हिसका दिला की सर शिट्टीसकट रेघेच्या अलीकडे आले.

खिळ्याचा वर्ग जिंकला. बाई बसल्या होत्या मातीत, केस विस्कटलेले, हसत होत्या.

हसणं ओसरलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाही पोराचा सदरा पांढरा उरला नव्हता. छातीवर, पोटावर, बाह्यांवर दोराचे काळे पट्टे. बाईंच्या साडीवर तर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत एकच ठसठशीत पट्टा.

"मेस्त्री," बाई हळूच म्हणाल्या, "हे ग्रीस निघतं ना हो?"

आता सांगा, ग्रीस कसं निघतं हे याला माहीत नसेल? जन्म गेला त्याचा त्यात. थोडं रॉकेल, थोडा साबण, की झालं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं पोरीकडे बघितलं. खिळा आजोबांना आपला सदरा ताणून ताणून दाखवत होती. "हा बघा, हा पहिल्या हिसक्याचा. आणि हा, सर पडले तेव्हाचा." आजोबा चष्मा पुसून पुसून बघत होते.

"नाही, बाई," मेस्त्री म्हणाला. "हे कधी निघत नाही."

शाळेच्या फळ्यावर आता नियमाखाली आणखी एक ओळ आली आहे: क्रीम एकानेच लावावे, आणि लावल्यावर घरात सांगावे. खिळ्याचा तो सदरा खुंटीवर तसाच आहे. घरातल्या तिघांपैकी कुणीही तो धुवायला घेतला तर ती तिघांनाही फैलावर घेते. आणि बाईंनी ती साडी टाकलेली नाही, असं शाळेचा शिपाई सांगतो.

तर माझं मागणं एवढंच. पलीकडच्या गल्लीत लाँड्री आहे, बाई अधूनमधून तिथे साडीवरचा पट्टा निघेल का, अशी चौकशी करत असतात. कधी भेटल्या आणि तुम्हाला विचारलं, तर तेवढं सांभाळून घ्या. सांगा, ग्रीस निघत नाही.