करवंटीतली अंगठी

रांजणाशेजारची करवंटी जागेवर नाही हे खामसिंगच्या ध्यानात आलं, तेव्हा तो तोंड धूत होता. अर्धं तोंड धुऊन झालं होतं. उरलेलं अर्धं तसंच राहिलं.

“मालाय! इथली करवंटी कुठाय?”

“तुटक्या मेणाची?” बायको चुलीपुढून म्हणाली. “आई घेऊन गेली देवळात. आज वर्षावासाची मेणबत्ती ओतायचीय ना! पहाटेच गेली. भन्तेजींचं गाणं सुरू व्हायच्या आत पुढची जागा पकडायची असते तिला.”

खामसिंग होता तिथेच खाली बसला.

नोंगसिम गावातली निम्मी घरं ओतकामाची. खामसिंगचं घर दागिन्यांचं. मेण आणि राळ एकत्र मळायची, तिचे केसासारखे धागे काढायचे, ते वळून अख्खा दागिना आधी मेणात घडवायचा, वर वारुळाच्या मातीचा लेप द्यायचा आणि भट्टीत घालायचा. मेण वितळून वाहून जातं आणि त्याने सोडलेल्या जागेत चांदी जाऊन बसते. दागिना व्हायचा तर मेणाला जावं लागतंच. पण ते भट्टीत जावं, देवळात नव्हे.

घडवताना मोडलेलं, बिघडलेलं मेण त्या करवंटीत पडायचं आणि वर्षातून एकदा, भिक्षू तीन महिने एका जागी राहायला बसण्याआधी, देवळाच्या मेणबत्तीत जायचं. ही रीत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. करवंटी म्हणजे मोडकंतोडकं मेण, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. काल दुपारपासून तिच्यात आणखीही काही होतं, एवढं मात्र एकट्या खामसिंगला ठाऊक होतं. उकाड्याने मेण मऊ पडू लागलं होतं. घरातली सगळ्यात गार जागा रांजणापाशी, म्हणून त्याने नऊ दिवस खपून केलेली मेणाची अंगठी अलगद त्या करवंटीत ठेवली. एकमेकांना विळखा घातलेले दोन नाग आणि त्यांच्या फण्यांमध्ये खड्याचं घर. घर नेमकं मापाचं व्हावं म्हणून खडा त्यातच दाबून ठेवला होता.

आणि खडा होता लामदुआनमावशींचा. म्हणजे गावप्रमुखाच्या बायकोचा. म्हणजे मेणबत्तीच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंचा. “आईची एवढी एकच आठवण आहे रे माझ्याकडे,” असं म्हणून त्यांनी ते माणिक स्वतःच्या हाताने त्याच्या तळहातावर ठेवलं होतं. मेणबत्तीच्या मिरवणुकीत अंगठी बोटात हवी होती. मिरवणुकीला तेरा दिवस होते.

एवढ्यात सासूबाई, चानपेंग, देवळातून परतल्या. चेहरा असा उजळलेला, की गाणं अजून कानात चालूच असावं.

“काय गायले आज भन्तेजी! दान कसं द्यावं ते सांगत होते. हात उघडला की मागे वळून बघायचं नाही, म्हणाले. माझ्या तर डोळ्याला धार लागली.”

“आई, करवंटीत काय होतं ते पाहिलं का?”

“मेण होतं. दरवर्षी असतं तेच.” चानपेंग थबकल्या. “का? काय झालं?”

खामसिंगने सांगितलं. चानपेंगनी ऐकलं, मोतीबिंदूचे डोळे दोनदा मिटले आणि म्हणाल्या, “भंगारात माणिक ठेवतं का रे कुणी?”

खामसिंग पळत सुटला.

देवळाच्या अंगणात पुरुषभर उंचीचा साचा उभा होता आणि त्यातली मेणबत्ती थिजत चालली होती. सूत नावाचा कोरक्या शेजारी बसून पान चघळत होता. मेणबत्तीवर नक्षी कोरण्याचं काम दरवर्षी त्याचंच, आणि दरवर्षी उबोन शहरातल्या मिरवणुकीत तिसरं येण्याचं कामही त्याचंच.

“सूतदादा, मेण गाळून घेतलं ना फडक्यातून?” खामसिंगने धापा टाकत विचारलं.

“गाळलं की. मधमाश्यांचे पाय, काड्या, एक बटणसुद्धा निघालं.”

“आणि आमच्या घरचं?”

“छे! तुमचं कशाला गाळायचं?” सूत अभिमानाने म्हणाला. “ओतकऱ्याच्या घरचं मेण, नितळ! भन्तेजीच म्हणाले, हे तसंच ओता.”

खामसिंगला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मेणाच्या चोखपणाचा राग आला.

“आधी ओतलंत की शेवटी?”

“तिसऱ्या खेपेला. नाही, चौथ्या. तुला काय करायचंय?”

घरी विचारावं तर चानपेंग शपथेवर सांगत, की पहिली धार त्यांच्याच मेणाची होती, कारण त्या पुढे बसल्या होत्या. थोरल्या भन्तेजींना आडून विचारलं, तर ते म्हणाले, “मी डोळे मिटून गात होतो, बाळ.” आता खडा जड आणि मेण हलकं. पहिल्या धारेत असेल तर तळाशी, शेवटच्या धारेत असेल तर वरच्या अंगाला. मधल्या धारेत असेल, तर खालचं मेण कितपत थिजलं होतं त्यावर सगळं अवलंबून. भट्टीपुढे जन्म घालवलेला माणूस तो. आत खडा कुठवर गेला असेल, हे कोडं भीती बाजूला सारून त्याच्या डोक्यात भुंग्यासारखं घुमू लागलं.

अडचण एवढीच नव्हती. मेणबत्तीवर मंत्र म्हणून झाले होते, म्हणजे ती आता भिक्षुसंघाची. संघाच्या वस्तूला हात लावणारा पुढच्या जन्मी सुईच्या नेढ्याएवढ्या तोंडाचं भूत होतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खामसिंगने रस्ताभर विचार केला आणि ठरवलं, की आधी खडा कुठे आहे ते नुसतं बघू. बघण्यात कसलं पाप?

दुसऱ्या दिवशी साचा काढल्यावर तो आपली हत्यारं घेऊन सूतपुढे उभा राहिला.

“दादा, यंदा कोरायला मी हात लावतो.”

सूतच्या तोंडातलं पान खाली पडलं. देवळात सणावारापलीकडे न फिरकणारा हा माणूस! “अरे, आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला?”

“पुण्य लागेल म्हणतात.”

“मग कर. तळाच्या हत्तींपासून सुरुवात कर. बोटभर खोल जा, त्यापुढे जाऊ नकोस.”

खामसिंगने तापवलेली सुई हातात घेतली. दागिन्याच्या मेणात पाकळीची शीर काढणारी ती सुई. तिने तो हत्तीच्या पोटात शिरला, पाठीतून बाहेर आला, चार पायांमधून आरपार गेला. खडा नव्हता. उघडं भोक तसंच ठेवलं तर लोक विचारतील, म्हणून त्याने भोकाच्या कडेने वेल काढली. दुसरं भोक, तिथे फूल. संध्याकाळी सूतने येऊन पाहिलं.

“हा हत्ती आहे की पाखराचा पिंजरा?”

“जाळीकाम आहे, दादा. आमच्याकडे चांदीत करतात.”

“मेणबत्ती पेटवायचीय रे बाबा, कानात नाही घालायची!”

पण बायका मात्र थांबून बघू लागल्या. कुणी म्हणे, हत्तीच्या आतून पलीकडचं झाड दिसतं. कुणी म्हणे, एवढा बारीक हात आजवर देवळाला कधी लागला नव्हता. चानपेंगना सगळं ठाऊक होतं, तरी त्या रोज दुपारी चिकटभात आणि पपईची तिखट कोशिंबीर घेऊन येत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “जावईबापूंना धर्माची ओढ लागलीय. झोपेत बडबडतात, कुठे आहेस, कुठे आहेस! आता असं कुणाला म्हणणार? तथागतालाच!”

“आई, जरा हळू बोला,” खामसिंग दबक्या आवाजात म्हणे.

“खरं तेच सांगतेय. शोधतोयस ना तू? मग झालं तर!”

हत्ती झाले, हरणं झाली, कमळं झाली. खामसिंग तळापासून वर सरकत होता. सूत आता रागावायचं विसरून शेजारी बसून बघत होता आणि मधूनच विचारत होता, “ही कडा मोडली कशी नाही रे? सुई किती तापवतोस?” खामसिंगही सांगता सांगता रमायचा. दोन दिवस तर असे गेले, की खड्याची आठवण त्याला घरी गेल्यावर झाली.

मग लामदुआनमावशी आल्या. रेशमी लुगडं, हातात पंखा.

“खामसिंग, तू इथे! म्हणजे माझी अंगठी झाली वाटतं?”

“झाली म्हणजे... चालू आहे, मावशी.”

“आणि खडा? नीट बसला ना?”

“बसलाय,” खामसिंग म्हणाला. “अगदी आत बसलाय.”

चानपेंगना जोराचा ठसका लागला. सोबत आलेल्या मालायने आईला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याच्या हातातली सुई निवली.

अकराव्या दिवशी सकाळी फक्त शेंड्यावरचा नाग कोरायचा राहिला. खामसिंगने नागाच्या भुवया काढल्या, कपाळाला सुई लावली आणि हाताला लागलं, टक्.

सूतने मान वर केली. अंगणात भाज्या निवडणाऱ्या बायकांनीही माना वर केल्या. खामसिंगने बोटाने ती जागा झाकून पाहिली, पण मेण वितळून खाली ओघळलं आणि बोटाच्या दोन्ही बाजूंनी लाल उजेड सांडला.

“नागराजाला मणी फुटला!” कुणीतरी ओरडलं.

“साधू! साधू!” सगळ्या अंगणातून घोष उठला. लोक गुडघ्यांवर बसले. स्वयंपाकघरातल्या बायका ओल्या हातांनी धावत आल्या. थोरले भन्तेजी काठी टेकत आले. आणि सगळ्यांच्या पुढे, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून बसल्या त्या लामदुआनमावशी.

“माझ्या आईकडे अगदी असंच होतं हो,” त्या हुंदका देत म्हणाल्या. “पण याचं तेज काही वेगळंच.”

आता गप्प बसलं तर माणिक कायमचं नागाचं. बोललं तर गावभर नाचक्की. त्याने चानपेंगकडे पाहिलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं नाही. हळूच होकाराची मान हलवली.

“मावशी,” तो जमिनीला कपाळ टेकून म्हणाला, “हे तेच आहे.” आणि करवंटीपासून सुईपर्यंत सगळं सांगून टाकलं.

लामदुआनमावशींचा पंखा थांबला. त्यांनी खामसिंगकडे पाहिलं, माणकाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. बोटं नागाच्या कपाळाला टेकणार, तेवढ्यात त्यांना मागच्या शंभर डोळ्यांची चाहूल लागली. हात तिथेच अधांतरी राहिला. मग तो हळूहळू नमस्काराला वळला.

“मीच तर दिलं,” त्या मोठ्यांदा म्हणाल्या. “मीच दिलं माझ्या हाताने!”

“अगं बाई!” चानपेंग ताडकन उठल्या. “पहाटे अंधारात चालत कोण आलं? करवंटी कुणी उपडी केली? दिलं मी, आणि पुण्य हिचं?”

“वस्तू कुणाची होती?”

“हात कुणाचा होता?”

“तुला ठाऊक तरी होतं का, काय देतेयस ते?”

“आणि तुला ठाऊक होतं का, दिलंयस ते?”

हा प्रश्न असा होता, की सगळ्या अंगणाने वाद विसरून भन्तेजींकडे पाहिलं. जिची वस्तू तिचं मन नव्हतं, जिचं मन तिची वस्तू नव्हती. मग अकरा दिवस ते पुण्य होतं कुणाचं? भन्तेजींनाही हे कोडं फार आवडलेलं दिसलं. ते पायरीवर टेकले आणि त्यांच्या त्या गोड आवाजात, अर्धं गात अर्धं बोलत, म्हणाले, “लामदुआन, मघाशी हात पुढे गेला होता तुझा. तो मागे का आला?”

मावशी खाली मान घालून म्हणाल्या, “आधी लोकांना भिऊन आला, भन्तेजी.”

“आणि आता?”

मावशींनी नागाकडे पाहिलं. “आता राहू दे. आईला इथे बरं वाटेल.”

“मग आत्ता दिलंस. या क्षणापासून ते पुण्य तुझं. मेणाचं चानपेंगचं, त्यात कुणाचा वाटा नाही.”

चानपेंगनी विजयाने पदर सावरला. खामसिंगने भीत भीत विचारलं, “आणि माझं, भन्तेजी?”

“तू आलास उचलायला आणि नक्षी करून बसलास,” भन्तेजी हसले. “तुझं काय ते मला पोथीत बघावं लागेल.”

खामसिंगने उरलेल्या दोन दिवसांत अंगठी पुन्हा मेणात घडवली, भट्टीत घातली, चांदी ओतली. नाग छान उतरले. पण मधलं घर रिकामंच. “दुसरा खडा बसवून देऊ का, मावशी? माझ्याकडचा आहे एक.”

“खबरदार!” मावशी म्हणाल्या. “घर रिकामंच ठेव.”

मिरवणुकीत नोंगसिमची मेणबत्ती दुसरी आली. सूत रडला. लामदुआनमावशी मात्र मेणबत्तीच्या गाडीपुढे हात छातीशी धरून अशा चालल्या, की अंगठी दिसल्यावाचून राहू नये. आणि ती ज्याला दिसली, त्याने विचारलंच, “अगंबाई, खडा पडला वाटतं?” मग मावशी थांबत, मागे वळत, वर बोट करत. उबोन येईपर्यंत ही गोष्ट त्यांनी चाळीसेक वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी माणिक थोडं मोठं होत गेलं.

मिरवणूक संपली आणि तिसऱ्याच दिवशी खामसिंगच्या दारात पलीकडच्या गावातली बाई आली. तिला अंगठी हवी होती. वर कोंदण, आत काही नाही. दुपारी आणखी दोघी आल्या. “तुमचा खडा कुठला?” असं खामसिंगने पहिलीला विचारलं होतं. तिने त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की पुढच्यांना विचारण्याची त्याची छाती झाली नाही.

बायका गेल्यावर चानपेंग माळ्यावरून उतरल्या, रांजणातून पाणी प्यायल्या आणि उगाचच त्याच्या हत्यारांपाशी घुटमळल्या.

“जावईबापू, माझ्या बोटाचंही माप घे.”

“तुम्हाला कसली अंगठी, आई?”

“तसलीच.”

“पण आई, तुमच्याकडे खडा कधी होता?”

“नव्हता,” चानपेंग बोट पुढे करत म्हणाल्या. “पण घर लामदुआनच्यापेक्षा जरा मोठं कर.”