चटईवरून न उठणारा फोटोग्राफर

धाकट्या लेकीच्या लग्नात मोठ्या कंपनीचा फोटोवाला दारात उभा करणार नाही, अशी शपथ सुविर्योकाकांनी घेतली. तीही मनातल्या मनात नव्हे! मशिदीच्या पायरीवर, नमाज आटोपून आपापल्या चपला शोधणाऱ्या अख्ख्या गल्लीसमोर. जावा बेटावरच्या आमच्या क्लातेन गावात अशी शपथ मोडायची म्हणजे गाव सोडायची तयारी लागते.

कारण थोरलीच्या लग्नात दडलं होतं. तेव्हा कंपनीची माणसं आली होती, काळे शर्ट घातलेली, कानात यंत्रं खुपसलेली. लग्न नेमकं कोणाचं, असा पाहुण्यांना प्रश्न पडावा इतका त्यांचा रुबाब! लेकीने निघताना आईबापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकवायची वेळ आली आणि काका रडले. अगदी नाक वाहेपर्यंत, मनापासून. तेवढ्यात त्यांच्या म्होरक्याने हात वर केला.

"काका, रडणं छान झालं, पण उजेड चुकला. परत एकदा."

काका परत रडले. मग बाजूने रडले. पुढे डोळ्यांची विहीर आटली, तेव्हा कोणीतरी डोळ्यांत औषधाचे थेंब सोडले. अल्बममध्ये काका असे दिसतात की लेक सासरी निघालेली नसून काकांची अक्कलदाढ निघाली आहे.

"धाकट्या लारासच्या लग्नात मी एकदाच रडणार," काकांनी बायकोला, मुर्तिनीकाकूंना बजावलं. "आणि तेवढ्यात जो फोटो मिळेल तोच माझा."

म्हणून त्यांनी गालिह नावाचा फोटोग्राफर शोधला. स्वतःचा कॅमेरा, स्वतःची स्कूटर, डोक्यावर साहेब नाही. पुतण्याच्या घरी त्याचे फोटो पाहिले, ते इतके पिकलेले वाटले की काकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या केसांचा एखादा ऋषीच उभा राहिला. प्रत्यक्ष भेट झालीच नाही, सगळं मेसेजवर. त्यात गालिहने लिहिलं होतं, 'मी आलोय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही.' काकांनी तो मेसेज गल्लीभर दाखवला. तो अक्षरशः खरा होणार आहे, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

काकूंचा भाऊ त्रियोनो तेवढा खुसखुसत होता. "एकटा जीव, भाऊजी. वाटेत स्कूटर पंक्चर झाली तर फोटो कोण काढणार, आचारी?" काकांनी सांगून टाकलं की सगळी जबाबदारी माझी.

दिवस होते पावसाचे. तेव्हा पाऊस अडवणारा माणूस बोलावणं ओघानेच आलं. ते काम काकांची थोरली बहीण सुमिनाआक्का हिने अंगावर घेतलं होतं. मेरापी डोंगराच्या उतारावरच्या कार्तोबाबांना निरोप गेला. आक्कानेही बाबांना कधी पाहिलं नव्हतं, पण ज्या लग्नात ते बसतात तिथे मांडवाच्या कडेपर्यंत पाऊस येतो आणि चपला काढून उभा राहतो, असं तिने ऐकलं होतं.

लग्नाच्या सकाळी मागच्या दारी पहिला उगवला तो गालिह. काडीसारखा देह, खांद्यापर्यंत केस, काळे कपडे, पाठीवर लांबोडकी पिशवी. आल्या आल्या अंगणात उभं राहून त्याने आभाळाकडे टक लावली. तळहात वर केला, उलटा केला, सुलटा केला. मग अदबीने आक्काला विचारलं की ढग असेच राहतील का. आक्का म्हणाली, ते तुम्ही बघायचं, त्यासाठीच तर बोलावलंय!

पुढे ती त्याला स्वयंपाकाच्या मांडवामागे घेऊन गेली. तिथे पावसाचा तोडगा म्हणून उलटा खराटा रोवून त्याच्या काड्यांना मिरच्या-कांदे खोचलेले होते. शेजारच्या चटईवर त्याला बसवलं आणि सांगितलं की कार्य उरकेपर्यंत उठायचं नाही, खायचं नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही.

आता कोणी म्हणेल, त्याने तोंड का उघडलं नाही? अहो, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणत नाहीत. घर पेटलेलं असताना आजी म्हणाली 'बस, चहा घे', तर पोरगा आधी चहा घेतो आणि मग पाणी आणायला धावतो. शिवाय गालिहने घरोघरच्या रीती पाहिल्या होत्या. एका घरी तर फोटो काढण्याआधी त्याला आंब्याच्या झाडाची परवानगी घ्यायला लावली होती. हीसुद्धा या घरची रीत असेल, असं समजून तो "हो आक्का" म्हणाला आणि बसला. त्याने पिशवीतून कॅमेरा काढला, तेव्हा नारळ खवणाऱ्या बायका आपसांत म्हणाल्या, हल्ली ढगांसाठीही यंत्रं निघालीत.

इकडे पुढच्या दाराशी कार्तोबाबा अवतरले. पांढरे केस, इस्त्रीचा नक्षीदार बातिक सदरा, हात रिकामे. मी आलोय, म्हणाले. काकांच्या स्वप्नातला ऋषी तो हाच! सामान कुठे, असं काकांनी हळूच विचारलं. बाबा हसले आणि म्हणाले, "सामान लागतं ते कच्च्या माणसांना."

काका गार! त्यांनी बाबांना थेट वधूवरांच्या समोर पहिल्या खुर्चीवर बसवलं. बाबांनी लवंगेची सिगारेट पेटवली आणि डोळे मिटले.

त्रियोनो लगेच कानाशी आला. "भाऊजी, तुमचा कलाकार झोपला."

"आधी मनात साठवतात ते," काका म्हणाले. पण तेही आता बाबांचा एखादा डोळा उघडतोय का, ते वाकून वाकून पाहू लागले होते.

विधीची वेळ झाली. सुरू करू का, असं काकांनी खुणेने विचारलं. बाबांनी डोळे न उघडता हात हलवला. लारास वाकली, तिचं कपाळ गुडघ्याला टेकलं आणि काकांचा बांध फुटला! परत एकदा म्हणणारं कोणी नव्हतं. काका असे रडले, असे रडले, की वाजंत्रीवाल्याचा ठोका चुकला. हलके होऊन, नाक पुसून त्यांनी बाबांना विचारलं, कसे आले फोटो?

"कसले फोटो?" बाबा म्हणाले.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. बाबांनी शांतपणे विचारलं की मग मी जेवून घेऊ का, आणि ताट घेऊन ते बसलेसुद्धा. त्रियोनोने खिशातून फोन काढला होता. "कंपनीला बोलावू? येतील तासाभरात. फक्त तुम्हाला परत रडावं लागेल, भाऊजी."

काका धावत मागे गेले. चटईवर गालिह ओठ वाळवून बसलेला! तू इथे काय करतोयस, असं ते ओरडले, तर म्हणे आक्कांनी हलू नका सांगितलंय. काकांनी त्याला उठवायला हात धरला, तोच आक्का झारा घेऊन आडवी आली. तिला सगळं समजावून सांगितलं. हा पाऊस अडवणारा नाही, हा फोटोवाला आहे!

"असेना का कोणीही," आक्का म्हणाली. "सकाळपासून थेंब पडलाय? मग ह्याला हलवायचं नाही."

थोरल्या बहिणीला 'नाही' कोण म्हणणार? काका मटकन नारळ खवायच्या पाटावर बसले. एकुलता एक खरा हुंदका, तोही वाया गेला. एवढ्यात सोन्याच्या फुलांनी मढलेली लारास नवऱ्याला ओढत मागे आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तो तिकडे येत नसेल तर आपण इकडे करू."

"रडू नाही येणार गं आता. होतं ते संपलं."

"नका रडू. नुसते बसा."

ती रस्सा सांडलेल्या जमिनीवर वाकली. कोन जुळेना, म्हणून गालिहने बूड चटईवरून वीतभर उचललं मात्र, आणि आभाळ फाटलं! पुढच्या मांडवातले पाहुणे ताटं डोक्यावर धरून स्वयंपाकाच्या पत्र्याखाली घुसले. कार्तोबाबा त्यांत सर्वात पुढे, कोंबडीची तंगडी हातात. आक्का म्हणत होती, सांगितलं होतं, सांगितलं होतं! काकांनी लेकीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. गालिहने एकदाच कळ दाबली.

"उजेड कसा होता रे?" काकांनी धास्तावून विचारलं.

"वाईट होता, काका. राहू द्या तसंच."

तो फोटो आज काकांच्या बैठकीत लटकला आहे. लारासचं काजळ ओघळलेलं, काकांचा जबडा उघडा, मागे अर्धं गाव चेंगरलेलं. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबतो, थोरलीच्या अल्बमला कोणी हात लावत नाही. पुढल्या पावसाळ्यात त्रियोनोच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तो स्वतः गालिहचा नंबर मागायला आला. काकांची छाती बातिकच्या बटणांना ऐकेना.

"बघ! पटलं ना शेवटी? एकटा माणूस, पण..."

"पटलं ना, भाऊजी," त्रियोनो नंबर उतरवून घेत म्हणाला. "फोटोंना कंपनीच सांगितलीय. ह्याला फक्त मागे बसवायचंय. कॅमेरा आणला तरी हरकत नाही, पण उठायचं नाही म्हणावं."