गावडे आणि त्यांचा अख्खा बिल्ड

बिल्ड सुरू झाला की गावडे बूट काढतात. स्वतःचे काढतातच, शेजारच्यालाही काढायला लावतात. एकदा पाहणीला आलेल्या बड्या गिऱ्हाइकाला त्यांनी आमच्या साकीनाक्याच्या ऑफिसात मोज्यांवर उभं केलं. "साहेब, आत काम चालू हा," एवढंच म्हणाले, अस्सल मालवणीत.

बिल्ड म्हणजे काय, तर आम्ही लिहिलेला सगळा कोड एकत्र करून मशीन त्यातून दुकानांचं सॉफ्टवेअर नव्याने बांधतं आणि तपासतं. बिलं, माल, छपाई, सगळं एका दमात. दोनेक तास जायचे. शेवटी कुठे एक कंस चुकलेला निघाला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर कोणी हलायचं नाही, हा बिल्ड सांभाळणाऱ्या गावड्यांचा कायदा. ते चहा मागवायचे, बोरिवलीच्या आपल्या सोसायटीतली भांडणं रंगवून सांगायचे आणि वर विचारायचे, "घाई कोणाक हा?"

ह्या एका बिल्डचे छोटे छोटे तुकडे, म्हणजे जॉब करा, म्हणून मॅनेजर वर्षभर मागे लागले होते. ज्याचा कोड बदलला तेवढाच भाग चालेल, बाकीच्यांचा खोळंबा टळेल.

"मी असेपर्यंत तुकडे होवचे नाय," गावडे म्हणायचे. "जो तो आपलाच भाग बघतलो. सगळा मिळून चालता की नाय, ता कोण बघतलो? तुमचो काका?" मीटिंगला जायचे, पण हात बांधून उभे राहायचे. बसलं की माणूस कबूल होतो म्हणे.

एका शुक्रवारी संध्याकाळी छपाईतल्या चुकीमुळे बिल्ड पडला. पुन्हा सुरू केला. बिलांचा भाग सांभाळणारी स्नेहा कोपऱ्यात फोनवर होती. मुलुंडच्या पाळणाघरात तिची लेक एकटीच उरली होती.

"नाही गं बाळा, विसरले नाही तुला. आलेच."

गावड्यांनी सोसायटीचं भांडण अर्ध्यावर सोडलं. मग म्हणाले, "स्नेहा, तू नीघ. तुझा मी बघतंय."

सोमवारी येऊन बघतो तर बिल्डचे तुकडे झालेले! बिलांचा जॉब वेगळा, मालाचा वेगळा, छपाईचा वेगळा, सगळे एकाच वेळी चालणारे. शेवटी सगळे भाग जोडून बघणारा एक लहानसा जॉब, तो मात्र गावड्यांच्या हट्टाचा. शनिवार-रविवार ते ऑफिसातच होते, असं वॉचमन म्हणाला.

"ऐकलंत शेवटी आमचं!" मॅनेजर खूश.

"तुमचा नाय ऐकलंय," गावडे सगळ्यांदेखत म्हणाले. "स्नेहाच्या त्या पोरीचा ऐकलंय."

त्या दिवशी सगळे वेळेवर घरी गेले. गावडे एकटेच पडद्यासमोर बसून होते.

"चला ना, सगळं पास आहे," मी म्हटलं.

"तू जा."

"मग वर्षभर एवढा विरोध कशाला केलात?"

"बिल्ड मोठो होतो म्हणान सगळी थांबायची रे." त्यांनी मान वळवली नाही. "घराक जावन मी कोणाशी बोलू?"

मी बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

"ऊठ! कीव करूक बसलंस तर तुझो कोड जोडून घेणार नाय."

"नका घेऊ," मी म्हटलं आणि बसून राहिलो.