एका माणसाची कंपनी

परदेशात नोकरीला रामराम ठोकून स्वतःचा धंदा काढायचा, तर माणसानं निदान दोन तरी असावं, असं मेकॅनिकचं ठाम मत होतं. एकट्या माणसाच्या कंपनीला कोण विचारतो? म्हणून फोनवर तो मालक, घसा बसल्यासारखा भारदस्त. आणि निळा डगला चढवून पाना हातात घेतला, की त्याच मालकाचा नोकर.

युक्ती लागू पडली. एका हॉटेलातली कपडे धुण्याची बारा धिप्पाड मशीनं त्यानं वर्षभरात अशी वठणीवर आणली, की तपासणीच्या दिवशीच्या शाळेसारखी ती शिस्तीत फिरू लागली. मॅनेजरबाई खूश. पाच वर्षांचा करार ठरत आला. तो झाला की इथे पाय रोवले. नाही झाला, तर जुन्या साहेबाच्या दारात पुन्हा टोपी हातात!

पण बाईनं एकदा सहज विचारलं, "रविवारीही तुलाच पाठवतात?"

"काय करणार बाई, मालक खडूस आहे."

बाईला कणव आली. ती कणव मेकॅनिकला फार गोड लागली. पुढच्या खेपेला मालक रजा देईना, त्याच्या पुढच्या खेपेला धड जेवूही देईना.

आणि एका सकाळी फोन आला. त्यानं घाईनं घसा बसवला.

"करार तयार आहे," बाई म्हणाली. "पण उद्या तुम्ही आणि तो बिचारा, दोघं एकदम या. रविवारची सुट्टी त्याच्यासमोर कबूल करा. नाहीतर करार विसरा, त्यालाच मी नोकरीवर घेते."

"दोघं?" मालकाचा आवाज चिरकून मेकॅनिकचा झाला.

बायको चहा गाळत ऐकत होती. "खरं सांगून टाका."

"खोटारड्याला पाच वर्षांचं काम कोण देईल?"

"मग मालकीण मी. नाहीतरी कंपनीच्या कागदावर माझंही नाव आहे."

"आणि फोनवरचा तो पुरुष?"

"माझा व्यवस्थापक होता. फार खडूस होता, काल काढून टाकला."

दुसऱ्या दिवशी बायकोनं ऐटीत सही केली, रविवारची सुट्टी कबूल केली. मॅनेजरबाईनं मेकॅनिकच्या कानाशी येऊन सांगितलं, "मालकीण देवमाणूस आहे हो. जप तिला."

पहिल्या रविवारी पाच वर्षांचं भवितव्य उशाशी घेऊन तो नऊ वाजेपर्यंत लोळत पडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून घसा बसल्यासारखा भारदस्त आवाज आला,

"सुट्टी मेकॅनिकला आहे. नवऱ्यानं उठून भांडी घासावीत."