एकविसावा दाणा

आमच्या भाताइतका लांब दाणा अख्ख्या साखरशेत गावात कुणाकडे नाही! दोन हजार सहा साली शाळेच्या ओट्यावर हे मी सगळ्यांसमोर बोललो आणि तिथेच फसलो.

बियाण्यांच्या संस्थेच्या रोहिणीमॅडम कॉम्प्युटर घेऊन आल्या होत्या. प्रत्येकाने पांढऱ्या कागदावर वीस दाणे सुटे सुटे मांडायचे. त्यांचा वरून फोटो निघणार आणि यंत्र आपोआप दाणे ओळखून मोजणार, लांबीही सांगणार. ज्याचे दाणे सर्वांत लांब, त्याचं बी संस्थेच्या शेतात पेरणार आणि बांधावर त्याच्या नावाची पाटी लागणार. माझ्या बायकोने, कोंडीने, हे बी वीस वर्षं निवडून निवडून राखलं होतं. दाणे तिनेच मांडले. मी फक्त मॅडमकडून कागद आणून दिला.

"बाबा, एकवीस दाणे ठेवलेत तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"वीसच हायेत," कोंडी म्हणाली.

मी मोजले, वीस. मॅडमनी मोजले, वीस. यंत्राने पुन्हा मोजले, एकवीस.

शेजारचा तुका पुढे सरकला. "देवजीने एक लपवला असंल. बाद करा त्याला."

"लपवलेला फोटोत कसा येईल रे?" मी म्हणालो.

मॅडम आकडे वाचता वाचता थांबल्या. "यातला एक दाणा सहा सेंटिमीटर लांब आहे."

"मग भात कशाला शिजवतोस?" तुका म्हणाला. "एक दाणा चुलीत भाज, घराला पुरंल."

लोक हसले. मला मात्र वाटू लागलं, असेलही. यंत्र कशाला खोटं बोलेल?

मॅडमनी फोटो मोठा केला. यंत्राने प्रत्येक दाण्याभोवती लाल रेघ काढली होती. एकविसावी रेघ कोपऱ्यात होती, माझ्या सहीभोवती.

साठी उलटल्यावर मी प्रौढ वर्गात अक्षरं शिकलो. तेव्हापासून कोरा कागद दिसला की हात आवरत नाही. कागद आणतानाच मी त्यावर ठळक 'देवजी' लिहिलं होतं. अक्षरं वरच्या रेघेने जोडलेली, म्हणून यंत्राने अख्खा देवजी एकच दाणा धरला.

"वीस वरसं मी राखलं," कोंडी म्हणाली, "आनि ह्यांच्या एका सहीपायी बाद व्हायचं?"

मॅडमनी तेच दाणे कोऱ्या कागदावर घेतले. वीसच्या वीस. आणि नंबर खरंच आमचा आला.

नोंदवही पुढे आली. मी पेन उघडलं. कोंडीने ते माझ्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि शाई मागून स्वतःचा अंगठा उमटवला.

बांधावरच्या पाटीवर आता 'कोंडीबाईंचं भात' असं लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही. तिथून जाताना दर वेळी मलाच वाचून दाखवावं लागतं, आणि एकदा वाचून तिचं भागत नाही.