मास्तरांचं बोट

स्मारकाचं पहिलं कर्तव्य म्हणजे कुणालाही त्रास न देणं. हार घालून घ्यावा, कबुतरं बसू द्यावीत आणि वर्षातले दोन दिवस सोडून कुणाच्या आठवणीत येऊ नये. आमच्या चौकातलं स्मारक या परीक्षेत नापास झालं. त्याचा हा अधिकृत इतिहास.

कराड आणि इस्लामपूर यांच्या दरम्यान आमचं गाव आहे. (नाव सांगत नाही, मला उद्याही तिथंच दूध घ्यायचं आहे.) चौकाला पूर्वी चिंचेची तिकटी म्हणत. रस्तारुंदीत चिंच गेली, तीन रस्त्यांचे चार झाले आणि मधोमध मोकळी जागा उरली. मोकळी जागा दिसली की नगरपालिकेला कुणीतरी थोर माणूस आठवतोच. या वेळी ज्ञानू मास्तर आठवले. त्यांनी चौकाभोवतीच्या आमच्या पेठेतल्या दोन पिढ्यांना शिकवलं. वर्गात ते बोट रोखून उभे राहत, म्हणून पुतळाही बोट रोखलेलाच घडवला.

बोट कुणाकडे रोखायचं, हा ठराव मात्र करायचा राहिला.

क्रेनवाल्याने जसा उतरवला तसा पुतळा बसला. अनावरणाचा पडदा सरकला तेव्हा बोट थेट नारायणरावांच्या दारावर. नारायणराव पोस्टातून निवृत्त झालेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण महिनाभरात पेठेतल्या त्रेसष्ट टक्के लोकांना ‘काहीतरी असणार’ असं वाटू लागलं. (उरलेल्या सदतीस टक्क्यांची खात्रीच होती.) त्यांच्या ज्ञानदाला बघायला सांगलीचे पाहुणे आले. मुलाचे वडील चहा पिताना खिडकीतून एकसारखे पुतळ्याकडेच बघत होते. जाताना म्हणाले, “कळवतो.” अजून कळवलेलं नाही.

नारायणरावांनी अर्ज केला. पालिकेने सहानुभूतीपूर्वक विचार करून पुतळा थोडा फिरवला. आता बोट नगरसेवक लालासाहेबांच्या बंगल्यावर. तिसऱ्या दिवशी लालासाहेबांनी पालिकेच्या नळाला चोरून जोडलेला दुसरा पाइप आपण होऊन काढला. कुणी विचारलंही नव्हतं. पुन्हा फिरवला, तर धान्य दुकानदाराचा काटा दुरुस्त झाला. आणखी फिरवला, तर कोपऱ्यावरचे डॉक्टर पावती देऊ लागले.

प्रशासन हादरलं. पुतळा असाच फिरत राहिला तर पेठेत राहायचं कुणी? चौकातच तातडीची सभा भरली. चबुतऱ्याशी भाजी विकणारी हरणाबाई, मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, तेवढी मध्ये बोलली.

“आवं, मास्तर कुणाला चोर म्हणून बोट दावत न्हवतं. ‘तू सांग’ एवढंच म्हणायचं. ज्यानं अभ्यास केला न्हाई, त्यालाच लय घाम फुटायचा.”

हे म्हणणं इतिवृत्तात घेतलं नाही (हरणाबाई सभासद नाहीत). ठराव एकमताने झाला: वाहतुकीला अडथळा होत असल्याने बोट कापण्यात यावे. अकरा फूट उंचीवरचं बोट कुठल्या वाहतुकीच्या आड येतं, हे विचारायला कुणी हात वर केला नाही. बोट आता पालिकेच्या कपाटात, कापडात गुंडाळून, आवक क्रमांकासह सुरक्षित आहे. मास्तर नुसती मूठ घेऊन उभे आहेत आणि सगळे त्यांना प्रेरणादायी म्हणतात.

बोट गेलं, नारायणरावांचा डाग तेवढा राहिला. “पयला अर्ज त्येंचाच. कापायला लावलं म्हंजे आसंल की कायतरी,” लोक म्हणतात. ज्ञानदाचं दुसरं स्थळही परतलं. मला त्या माणसाचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. शेवटी त्यांनी दुसरा अर्ज केला: बोट पुन्हा बसवा, माझ्याच दारावर रोखा आणि काय ती चौकशी एकदा करून टाका.

पालिकेने अर्ज मान्यही केला. अट एकच. एकाच घरावर बोट ठेवणं अन्यायाचं, सबब सहा महिने नारायणरावांकडे आणि सहा महिने दुसऱ्या एखाद्या घराकडे. त्या घराची लेखी संमती जोडावी.

तो कागद घेऊन नारायणराव एक्केचाळीस घरं फिरले. सगळ्यांनी चहा दिला, सही कुणी दिली नाही. माझ्याकडेही आले होते. मला नेमका चष्मा सापडेना. (तो डोळ्यांवर होता.)

घर पेठेतलंच हवं असं नाही. क्रेन कुठल्याही दिशेला वळते. आपण इथवर वाचलंत, आमच्या पेठेला पोटभर हसलात, म्हणजे आपलं सगळं स्वच्छच असणार. कागद सोबत जोडला आहे. सही करा, पत्ता पूर्ण लिहा आणि दार कुठल्या दिशेला उघडतं तेही लिहा.

काय म्हणता, आधी घरच्यांना विचारायला हवं?